नलूबाईंच्या छातीत तासभर

मित्रांनो, ‘मी एक जुना वाडा बोलतोय’ अशा निबंधासारखी सुरुवात करायची सोय मला नाही. दर अडुसष्ट मिनिटांनी मी निम्मा होतो. म्हातारपणाला मला गाठायचं, तर धावत यावं लागेल.

मी ट्रेसर, म्हणजे माग काढणारा. सुईतून अंगात शिरतो, फुप्फुसात नवा व्रण तयार होत असेल तिथे चिकटतो आणि किरण सोडतो. बाहेरचं यंत्र ते टिपतं. छाती कापावी लागत नाही. साध्या स्कॅनमध्ये व्रण दिसतो. तो थांबलाय की वाढतोय, हे मी सांगतो.

माझा जन्म यवतमाळच्या एका तपासणी केंद्रात झाला. जन्मताच मला शिशाच्या डब्यात घालून सगळे लांब उभे राहिले. एवढं अंतर लोक पुढाऱ्यांपासूनही ठेवत नाहीत.

मी होतो नलूबाईंसाठी. झरी जामणीकडच्या गिट्टीखदानीवर, दगडाच्या धुळीत खडी फोडण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. आता जिना चढताना तीनदा बसतात. मुकादम म्हणे, कामचोर झाली. एक डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे, आता इलाज नाही. पण व्रण वाढता निघाला, तर औषधाने त्याला आवर घालता येणार होता.

“मावशी, उपाशी आहात ना?” तंत्रज्ञ कपिलने विचारलं.

“नाई जी. गुळाचा खडा खाल्ला. खदानीवर समदेच खाते. छातीतली धूळ उतरते त्यानं.”

“गूळ! मग गेला आजचा स्कॅन. पुढच्या महिन्यात या.”

“काहून? तवरिक म्या राह्यली पाह्यजे ना!”

मी डब्यात चडफडलो. साखरेच्या मागे धावतो तो दुसरा ट्रेसर, माझा चुलतभाऊ; उपाशी यावं लागतं ते त्याच्यासाठी. केंद्रात रोज त्याचाच राबता, म्हणून गोडाचं नाव काढलं की कपिलला घाम फुटतो. मला गुळाशी काय करायचंय? पण ऐकतो कोण! कपिल मला कचऱ्याच्या खोलीकडे घेऊन निघाला आणि इकडे मी मिनिटामिनिटाला घटत होतो.

दारात डॉक्टर दीपमाला आडव्या आल्या. “कुठे चालला?”

“मॅडम, बाईनं गूळ खाल्ला.”

“मग? हा साखरवाला नाही. दे इंजेक्शन. मावशी, आहे का अजून एखादा खडा? मी पण उपाशी आहे.”

तासाभराने पडद्यावर नलूबाईंच्या दोन्ही फुप्फुसांचा वरचा भाग उजळला. तो मी.

“व्रण अजून वाढून राहिलाय, मावशी. गेलेलं परत येणार नाही, पण पुढचं अडवायला औषध सुरू करू. खदान मात्र बंद.”

नलूबाईंनी पडद्यावरच्या उजेडाकडे बोट केलं. “म्हंजे म्या बहाणे नव्हती करत.”

“नाही.”

“मंग याचे दोन फोटू द्या. एक माह्या घरी. एक मुकादमाच्या टेबलावर. आन् माह्यासंगच्या सात बाया हायेत, त्याइले कधी आणू?”

मित्रांनो, व्रण दाखवणं माझं काम. तो पडू न देणं तुमचं. खडी फुटते तिथे धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारा. मला बेकार करा. मी मुळीच रागावणार नाही.