सी म्हणायची जागा

खण्णकन चमचा फरशीवर पडला आणि सकाळपासून जपून ठेवलेली शांतता फुटली.

"तुझी लेक भूकंप केल्याशिवाय डबा उघडत नाही बघ," वहिनी म्हणाली. आवाजात धार मात्र नव्हती. तिला सातवा लागला होता, वाकायचीही चोरी झाली होती. आतली खोली आता येणाऱ्या बाळाची होणार होती. पाळण्याशेजारी पाच वर्षांच्या पोरीची गादी कशीबशी मावत होती. पोरीच्या आईची मावत नव्हती. हे कुणी बोललं नव्हतं, पण भावाने टेपने खोली दोनदा मोजली होती.

पोरीची आई म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. कुणाला कधी कुशीवर वळवायचं, कुणाची पाठ कधी पुसायची, हे तिच्या हातांना सांगावं लागत नसे. परदेशातल्या एका आजीबाईंना सोबत हवी होती. पगार, खोली, सगळं मिळणार होतं. अटी दोनच: फ्रेंच यायला हवं आणि मागे लहान मूल नको. मुलंवाल्या बाया चार महिन्यांत रडत परत येतात म्हणे. अर्जात मुलांच्या रकान्यात वहिनीनेच आडवी रेघ ओढली होती. "मी आहे ना इथे, ताई. पोरगी काय परक्याच्या घरी राहतेय?"

फ्रेंच तिला झेपलं, पण एका जागी घोडं पेंड खायचं. आपल्याकडे "जेवली नाहीस ना?" म्हटलं की आपण "हो, नाही जेवले" किंवा "नाही, जेवले की" म्हणून मोकळे होतो. तिकडे हे चालत नाही. जेवला नसाल तर सरळ 'नों'. जेवला असाल, तर नेहमीचा 'उई'ही नाही. नकारातून विचारणाऱ्याला होकार द्यायला त्यांनी वेगळाच शब्द ठेवलाय: 'सी'.

शिकवणीच्या बाई वैतागून म्हणाल्या होत्या, "अगं, तो काय विचारतोय त्याच्या मागे धावू नकोस. खरं काय आहे ते बघ. असेल तर सी, नसेल तर नों. संपलं!"

अकरा वाजता फोनच्या पडद्यावर त्या आजीबाईंची सून आली. पिकलेले केस, शांत डोळे. वहिनीने पोरीला पडद्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्ही रात्रपाळी केलेली नाही?"

"सी, मादाम. तीन वर्षं."

सून हसली. हे जमणारी माणसं तिला क्वचितच भेटत असावीत. तिने अर्ज डोळ्यांजवळ धरला.

"तुम्हाला मुलं नाहीत?"

'सी' जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. कोपऱ्यात पोरगी गुडघे पोटाशी घेऊन, गाल फुगवून, श्वास रोखून बसली होती. आईचं काम होईपर्यंत आवाज करायचा नाही, असं तिला सांगितलं होतं.

"नों," ती म्हणाली.

सून थांबली. मग मायेने, सावकाश म्हणाली, "घाई करू नका. तुमच्या भाषेतली माणसं इथे चुकतात, मला ठाऊक आहे. पुन्हा विचारते. तुम्हाला मुलं नाहीत?"

दार सताड उघडं होतं. 'चुकले हो मी' म्हटलं असतं, तर कुणी दोष दिला नसता. भाषेवर ढकलून मोकळं होता आलं असतं. वहिनीचा हात पोटावर घट्ट आवळला गेला.

"नों, मादाम. नाहीत." उच्चार इतका स्वच्छ आला की तिची तिलाच किळस आली.

सूनबाईने मान डोलावली. पुढच्या महिन्यात निघायचं ठरलं. जाता जाता तिने फोन हातात धरून तुमची खोली म्हणून दाखवली: खिडकी, खुर्ची, एक अरुंद पलंग.

पडदा काळा झाला. वहिनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायलाच लागली. "सुटलो गं ताई." तिने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला. हात नेहमीसारखाच फिरत होता, आजारी माणसाच्या पाठीवर फिरतो तसा.

फुस्सकन गालातली हवा सोडून पोरगी कोपऱ्यातून उठली आणि तिच्या मांडीवर चढून बसली.

"आई, किती छोटासा पलंग आहे गं! मी भिंतीकडे झोपू का खिडकीकडे?"