उतरवलेला गंधार

"दिसला का? नाव दिसला का?" पदराला हात पुसत सेवकरामची बायको अल्का टीव्हीसमोर आली.

नाव दिसले. गाणाऱ्या पोरीच्या खालून पडद्यावर पट्टी सरकत गेली: समीक्षा, गोंदिया, गुरू, छोटेलालजी. सेवकरामने हातातला पेचकस खाली ठेवला.

"मी तुमचाच नाव घेतली होती, बाबा," समीक्षा म्हणाली. "कान धरून. तेवढाच कापला टीव्हीवाल्यायनं."

गुरूचे नाव घेताना गाणारे कानाला हात लावतात. पोरीचा हात कानाकडे जाताना दिसलाही होता, आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. स्पर्धेच्या फॉर्मवर संगीत विद्यालयाचा शिक्का लागत होता. तो विद्यालय चालवणाऱ्या छोटेलालजींनी मोठ्या मनाने मारून दिला होता. मन किती मोठे, ते आता कळले.

सेवकरामचे गोंदियाजवळ फुलचूरला पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचे दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी तो छोटेलालजींकडे शिकायला गेला, तेव्हा ते म्हणाले होते, "तुझे पेटी का पेट समझता है, उतना बस है. बजाना तुम्हारे मोहल्ले का काम नहीं." पेटी पोचवायला गेला की तो व्हरांड्यातच थांबायचा आणि आतला क्लास कान देऊन ऐकायचा. तेच त्याने पोरीच्या गळ्यात घातले. पोर पहिल्या आठांत आली. ज्यांनी जन्मात कधी भूप ऐकला नव्हता, ते बाजारात तिला थांबवून विचारू लागले, "तूच ना टीव्हीवाली?" एवढे मोठे काम टीव्हीने केले होते, आणि सगळे त्या माणसाच्या नावावर.

चार दिवसांनी छोटेलालजींची पेटी दुकानात आली. मागोमाग ते स्वतः.

"इतवार को बिटिया का सत्कार रखा है. पेटी टनाटन कर दे, सेवकराम. पहले मैं अकेला बजाऊँगा."

"हो जी," सेवकराम म्हणाला.

एरवी पेटी लावताना तो आत हाक मारायचा, "समीक्षा, सूर दे व!" आणि स्वयंपाकघरातून तिचा गंधार यायचा. तो सूर धरून सगळी पेटी लागायची. त्या दिवशी त्याने हाक मारली नाही. सूर देणाऱ्या एका पितळी पत्तीच्या बुडाशी कानस दोनदा फिरवली. बुडाशी घासले की सूर उतरतो. भर सभेत म्हाताऱ्याची फजिती होऊ दे, त्याला घाम फुटू दे! हात सवयीने समीक्षाच्याच गंधारावर गेला होता, पण डोक्यात राख घालून बसलेल्या माणसाला ते कुठले कळायला.

रविवारी सभागृह भरले. छोटेलालजींनी पेटी वाजवली. उतरलेला सूर दहा वेळा वाजला आणि दहाही वेळा लोकांनी माना डोलावल्या. छोटेलालजींनी तर डोळे मिटून घेतले होते. सेवकरामला तिसऱ्या रांगेत हसू आवरेना. ज्या कानाला आपण तीस वर्षे भ्यालो, तो कान नव्हताच!

"अब बिटिया के साथ मैं ही संगत करूँगा," छोटेलालजी म्हणाले, आणि कानस कुणाच्या गंधारावर फिरली, ते सेवकरामला आता कळले.

समीक्षाने भूप धरला. भूपात गंधारावर थांबावेच लागते. ती थांबली, तिचा सूर एकीकडे, पेटीचा दुसरीकडे. तिने पुन्हा धरला. पुन्हा तेच.

"सुर में, बेटा, सुर में! टीव्ही सिर पे चढ़ गया क्या?"

लोक हसले. सेवकरामने उठायला हवे होते. पेटी मी उतरवली, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. पण उद्या जिल्ह्यातली एक पेटी त्याच्या दुकानाची पायरी चढली नसती. तो उठला नाही.

समीक्षाने पेटीकडे पाहिले. मग तिसऱ्या रांगेकडे पाहिले.

"गुरुजी, पेटी राहू द्या," ती म्हणाली. नुसत्या तानपुऱ्यावर तिने भूप उभा केला, आणि हसणारे गप्प झाले. टाळ्या थांबेनात.

"गुरू का नाम लो, बेटा," छोटेलालजींनी माइक पुढे केला.

तिने लोकांना नमस्कार केला. हात कानाकडे गेलाच नाही. छोटेलालजींचा चेहरा काळवंडला. सेवकरामला जे पाहायचे होते ते हेच, पण त्याची मान वर होईना.

घरी आल्यावर दारात चपला काढताना समीक्षा म्हणाली, "काऊन केला बाबा असा? मीच गाऊन राहिली होती ना तिथं."

दुसऱ्या दिवशी रिक्षावाला पेटी परत टाकून गेला. 'बिटिया को जमी नहीं, देख ले,' असा निरोप होता. सेवकरामने पत्ती काढून तिचे टोक हलकेच घासले. टोकाशी घासले की सूर चढतो. किती चढवायचा, ते मात्र विचारावे लागते.

"समीक्षा, सूर दे व."

आत भांडी वाजत होती. ती वाजायची थांबली. सेवकराम भाता धरून बसून राहिला. थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजू लागली.

त्याने शर्टाला हात पुसला आणि सूर दाखवणारे ॲप उघडायला मोबाईल काढला.