सातशे फूट खाली

दक्षिणेचा युगो वारा सुटला की आमच्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर गुडघे दुखतात, नवराबायको भांडतात आणि स्प्लिटला उतरणाऱ्या विमानातल्या म्हाताऱ्या जपमाळा बाहेर काढतात. त्या म्हाताऱ्यांना हसवणं हे मी माझं काम समजत असे. कंपनीने ते मला कधी सांगितलं नव्हतं. पण कॅप्टन फ्राने बुचान बोलला नाही तर विमान उतरणार कसं, अशी माझी तेहतीस वर्षांची समजूत होती. मुळात बोलघेवडा माणूस, त्यात कॅप्टन. मला गप्प कोण करणार?

त्या दुपारी झाग्रेबहून येताना विमान मी चालवत होतो आणि रेडिओ टोंकाकडे होता. टोंका वुलेतिन, माझी सहवैमानिक. त्रोगिरच्या कोळ्याची मुलगी, चौतीस वर्षांची, कामाला चोख. पुढच्याच महिन्यात तिची कॅप्टनपदाची परीक्षा होती आणि शिफारशीच्या कागदावर मीच सही केली होती. मला निवृत्त व्हायला चार महिने उरले होते.

उंची दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. वर असताना सगळी विमानं एकच ठरावीक दाब लावतात. खाली येताना ज्या गावी उतरायचं तिथला त्या वेळचा दाब लावावा लागतो. आम्हा दोघांची यंत्रं वेगळी. एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि आपलं बटण फिरवायचं, दुसऱ्याने आपलं फिरवून तोच आकडा परत म्हणायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण युगोच्या दिवशी दाब इतका पडलेला असतो की हे विसरलं, तर यंत्र दाखवतं त्याहून विमान कितीतरी खाली असतं.

"सहा हजार फुटांवर या. दाब नऊशे अठ्ठ्याऐंशी," स्प्लिटचा नियंत्रक म्हणाला.

टोंकाने त्याला आकडे परत सांगितले, आपलं बटण फिरवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दाब नऊशे अठ्ठ्याऐंशी."

मी तेव्हा माइकवर होतो. दहा हजार फुटांखाली प्रवाशांशी गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम मी स्वतः नवख्यांना घोकायला लावत असे. एका हाताने मी, कुठवर उतरायचं तो सहा हजारांचा आकडा लावला. दाब तसाच राहिला.

"मंडळी, समोर ढगांखाली माझं शोल्ता बेट आहे. दिसत नाही, पण आहे. तिथे माझी सासू राहते, आणि हा वारा तिनेच सोडलाय."

दारापलीकडून हसू ऐकू आलं. ते ऐकायला मला फार आवडायचं.

"कॅप्टन, तुमचा दाब..."

मी तळहात वर केला. थांब, बोलतोय ना मी.

ती थांबली.

तिच्या यंत्रावर सहा हजार येऊन गेले. विमान मात्र माझं यंत्र बघून उतरत होतं, आणि माझ्या यंत्रावर अजून बरंच उतरायचं बाकी होतं. खाली ढगात मोसोरचा डोंगर. मी सासूचा दुसरा किस्सा सुरू केला, तेवढ्यात नियंत्रक ओरडला, "तुम्हाला सहा हजार दिलेत! पाच हजार तीनशेवर काय करताय? वर जा, ताबडतोब!"

मी विमान वर ओढलं. मागे कुणाची तरी कॉफी सांडली, एवढंच. उतरल्यावर एका म्हातारीने दारात माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "असाच हसत राहा रे बाळा."

"शॉर फ्राने," टोंका विमानतळाच्या बसमध्ये हळूच म्हणाली; शॉर म्हणजे आमच्याकडचं साहेब, "मी सांगत होते तुम्हाला."

"माहीत आहे ग. बघू आपण."

बघितलं ते असं. चौकशीला बोलावलं तोवर विमानातली आवाजाची नोंद पुढच्या फेऱ्यांत पुसली गेली होती. उरले आमचे दोघांचे शब्द. टोंकाने लिहिलं होतं, "मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही." अधिकाऱ्याने मला विचारलं, "काय सांगितलं होतं त्यांनी?"

मी म्हणालो, "मी काही ऐकलं नाही."

भ्यालो, दुसरं काही नाही. तेहतीस वर्षांत माझ्या नावावर ओरखडा नव्हता, आणि शेवटच्या चार महिन्यांत मला मागच्या दाराने जायचं नव्हतं. माझं काय झालं? एक ताकीद आणि निरोपाला विमानाच्या आकाराचा केक. टोंकाच्या कागदावर शेरा पडला: प्रसंगी ठामपणे बोलत नाही. परीक्षा पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि मग कंपनीने माणसंच कमी केली. ती कॅप्टन झाली नाही.

सहा वर्षांनी मी शोल्ताहून बोटीने आलो, घरच्या ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन. त्रोगिरला धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात ती आधीच येऊन बसली होती. केस थोडे पिकले होते. आता ती नवख्या वैमानिकांना शिकवते.

"टोंका, मी ऐकलं होतं त्या दिवशी."

"हात वर केलात म्हणजे ऐकलंच होतं की! न ऐकणारा कशाला थांबवेल?" ती हसली. "ते हाताचं मी लिहिलं नाही. लाज वाटली हो. विमान खाली चाललंय, डोळ्यांना दिसतंय, आणि मी एका हाताला बघून गप्प बसले, हे कुणाला सांगायचं?"

"लाज मला वाटायला हवी."

"तुम्हाला वाटली असती तर सहा वर्षं लागली नसती." साखरेची पुडी तिने बोटांनी चपटी केली. "पोरांना आता मी बजावते. कॅप्टन साक्षात देव असला तरी दुसऱ्यांदा सांगा. तरी ऐकलं नाही तर त्याच्या हातातून विमान काढून घ्या."

बोटीवर मी सगळं पाठ करून आलो होतो. कंपनीला पत्र लिहिणार होतो, सगळं खरं खरं, खाली माझी सही.

"मी त्यांना पत्र लिहितोय, टोंका."

"राहू द्या शॉर फ्राने, आता त्या पत्राने माझं..."

माझं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं. मी तळहात वर केला.

ती थांबली. वाक्य अर्ध्यावर टाकून, तोंड मिटून.

आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. मग मी तो खाली घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि म्हणालो, "बोल. तू बोल, मी ऐकतोय."

टोंका कॉफी ढवळत राहिली. साखरेची पुडी तिने फोडलीच नव्हती.