लेओनी आजीचे ऊन

मित्रांनो, मी एक जुना काळा रेशमी झगा आहे. काळा म्हणून दचकू नका. फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळच्या आमच्या गावात तेव्हा नवऱ्या काळ्याच झग्यात लग्नाला उभ्या राहत. पुढे तोच रविवारी चर्चला आणि तोच मर्तिकाला.

रंगाऱ्याने माझे रेशीम कथलाचे क्षार विरघळवलेल्या पाण्यात बुडवून जड केले. त्यामुळे मला डौल आला, चालताना सळसळ आली. माझी नवरी एर्नेस्टीन मला घालून चर्चमध्ये शिरली, तेव्हा बायका माना वळवून बघत राहिल्या. मी पार शेफारलो. ते कथील मला आतून कुरतडते आहे आणि उन्हात ते अधिकच चेकाळते, हे मला फार उशिरा कळले.

एर्नेस्टीन गेली. तिच्या लेकीकडे, लेओनीकडे, माझ्याशिवाय आईचे काहीच उरले नाही. तिने मला जिवापाड जपले. कसर लागू नये म्हणून दर मे महिन्यात ती मला खिडकीत टांगून दिवसभर ऊन दाखवी, मग त्याच जुन्या घड्यांवर दुमडून पेटीत ठेवी. पुढे पुढे मे महिन्यात पेटीची कडी उघडताना वाजली की माझा थरकाप होई.

लेओनीची नात सोलांज हिचे लग्न ठरले. पणजीच्याच झग्यात उभी राहीन, असा तिचा हट्ट होता आणि आजीचा जीव त्यातच अडकला होता. आदल्या दिवशी आजीने मला पुन्हा उन्हात टांगले. माझ्याच वजनाने खांदे चरचरू लागले. ओरडायला मला तोंड नव्हते.

संध्याकाळी सोलांज मला अंगावर चढवू लागली. "आजी, पणजीची कंबर होती की बाटलीचा गळा?"

"श्वास आत घे आणि बडबड बंद कर. ती द्राक्षमळ्यात राबायची, तुझ्यासारखी लोणी चापत बसायची नाही!"

सोलांजने हात वर केला. बारीकसा आवाज झाला.

"ऐकलंस?" आजीचे डोळे भरून आले. "आईची सळसळ! अगदी तश्शीच!"

सोलांजचे हसू मावळले. "आजी, सळसळ नाही गं ही. फाटतोय तो."

एकेक घडी उभी चिरत गेली. आजीच्या ओंजळीत काळे तुकडे पडले. "अगं, पण मी तर दरवर्षी ऊन दाखवत होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला तिचा राग आला नाही, तिची फार कीव आली.

सोलांज तिच्या मावशीच्या झग्यात लग्नाला उभी राहिली. मला त्यांनी अंधाऱ्या खोलीत चादरीवर आडवे ठेवले आहे. मित्रांनो, जुन्या रेशमाला ऊन दाखवू नका, त्याला टांगू नका, घडी घालू नका. मला आता उशीर झाला आहे. कोणी हात न लावताही माझे धागे तुटतात, बारीक आवाज येतो. शेजारी लेओनी आजी कान देऊन बसते. तिला वाटते, आई चालते आहे.