मधल्या रेघा

बाबांची तक्रार आधी टीव्हीबद्दल होती. टीव्ही बारा वर्षांचा जुना, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आम्ही नवा, मोठा टीव्ही घेतला. आठवड्याभरात ते म्हणाले, टीव्ही ठीक आहे, पण चित्रच गचाळ येतंय. केबलवाल्याचा माणूस येऊन डबा बदलून गेला. मग मी डब्याची तार बदलली. तरी टेनिसची मॅच लागली की बाबा खुर्ची पुढे ओढायचे आणि मान थोडी तिरपी करून बघायचे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई म्हणायची.

"तू नाच. मी अंगणाकडे बघतो," बाबा म्हणायचे.

बाबांनी पस्तीस वर्षं नकाशे काढले. रस्त्यांचे, पाण्याच्या नळांचे, गटारांचे. सगळं शाईनं, पोलादी पट्टीवर. त्यांची नजर घारीची, असं त्यांच्या ऑफिसात म्हणत, आणि घरात आम्हीही म्हणायचो. टेनिसमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे ते पंचाच्या आधी ओरडून सांगायचे आणि बहुधा बरोबर असायचे. गेल्या काही महिन्यांत ते ओरडेनासे झाले होते. पंचाचा निर्णय होऊ द्यायचे आणि मग मान हलवून म्हणायचे, "मी तेच म्हणणार होतो."

मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वजनकाटे, तापमापक, दाबमापक आमच्याकडे येतात आणि ते खरं सांगतात की खोटं, हे आम्ही ठरवतो. दोष शोधायची आमची रीत एकच आहे. साखळीतली एकेक कडी बाजूला काढायची आणि दोष राहतो का ते बघायचं. टीव्ही झाला, डबा झाला, तार झाली. उरलं प्रक्षेपण. केबलवाले एका तारेत शेकडो चॅनेल कोंबतात आणि त्यासाठी प्रत्येक चित्र दाबून लहान करतात, हे मला माहीत होतं. तेव्हा मी ठरवलं की टीव्हीला जोडायला एक कॉम्प्युटर स्वतः बनवायचा, त्यात प्रक्षेपण पकडणारं ट्यूनर कार्ड घालायचं, गच्चीवर अँटेना लावायचा आणि हाय डेफिनिशन चित्र मधल्या कुणाचाही हात न लागता थेट घरात घ्यायचं.

बाबा खूश राहावेत, एवढंच त्यामागे नव्हतं. त्यांच्यावाचून माझं अडतं. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. मला नेणारी प्रयोगशाळेची गाडी सकाळी सात-दहाला कोपऱ्यावर येते आणि शाळेच्या उलट्या दिशेला जाते. शाळेकडची पहिली बस आठला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, जिला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो, रोज सातला बाबाच गाडीतून शाळेत सोडत. अकरा मिनिटांचा रस्ता, दोन वळणं, एक सिग्नल नसलेला चौक. माझा संसार त्या अकरा मिनिटांवर उभा होता.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर तयार झाला. तीन रविवार लागले. आईची एकच अट होती.

"पंख्याची घरघर नको. घोरणारा एक आहे घरात, दुसरा नको."

म्हणून मी बिनपंख्याचं कॅबिनेट आणलं. त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या जाड पट्ट्या होत्या, आतली उष्णता बाहेर टाकायला. बाबांनी त्यावर बोट फिरवून "काम चोख आहे" असं प्रमाणपत्र दिलं. मदरबोर्ड बसवताना मी त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. ते बराच वेळ स्क्रूच्या आजूबाजूला टोकरत राहिले. मग म्हणाले, "तूच लाव. हल्लीचे स्क्रू डासांच्या मापाचे असतात." मी हसले आणि लावले.

अँटेना बसवायला गच्चीवर गेले, त्या दिवशी वरून आमची गाडी दिसली. मागच्या डाव्या दारावर लांब ओरखडा होता.

"कुणीतरी घासून गेलं," बाबा म्हणाले. "लोकांना डोळे नसतात."

नंतर मी रिकामी खोकी टाकायला खाली गेले. इमारतीचं फाटक अरुंद आहे. त्याच्या डाव्या खांबावर करड्या रंगाचा एक पट्टा उमटलेला होता. आमची गाडी करडी आहे. माझ्या खिशात टेप असतो, कायम असतो. खांबावरच्या पट्ट्याची जमिनीपासूनची उंची आणि दारावरच्या ओरखड्याची उंची मोजायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी टेप बाहेर काढला नाही. खोकी टाकली आणि वर आले.

मशीन सुरू झालं ते शनिवारी दुपारी. कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की पुष्कळदा चित्राच्या कडा कापल्या जातात. ते तपासायला पडद्यावर एक जाळी दाखवतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा, सारख्या चौकटी, मधोमध एक ठिपका. मी टीव्हीच्या मागे तारा धरून बसले होते. तिथूनच विचारलं, "बाबा, कडेच्या रेघा दिसतात का?"

"कडेच्या दिसतात. मधल्या वाकड्या आहेत."

मी पुढे येऊन पाहिलं. "सरळ आहेत की."

"अगं, मधोमध बघ. ठिपक्याजवळ आत ओढल्यासारख्या आहेत. काठी पाण्यात बुडवली की दिसते तशा."

"मला तसं काही दिसत नाही."

"पस्तीस वर्षं रेघा मारल्यात मी. सरळ रेघ मला शिकवणार आहेस?" ते रागावले नव्हते. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला होता. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, ये इकडे! बघ तुझं वाकडं अंगण! सापडलं!"

आई हात पुसत आली, डोळे बारीक करून पाहू लागली. "मला तर सरळ दिसतंय सगळं."

"तुझा चष्मा पुस आधी."

मी सेटिंग बदलली. तार बदलली. टीव्हीच्या दुसऱ्या भोकात तार घातली. ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. दर वेळी बाबा खुर्चीत पुढे वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आहे तसंच." रविवारी संध्याकाळपर्यंत हेच चाललं.

खरं सांगायचं तर ते शोधणं नव्हतं. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या टीव्हीत रेघ वाकू शकायची. आताच्या पडद्यात प्रत्येक ठिपका आपल्या जागी पक्का बसवलेला असतो, तो हलत नाही. फक्त मधल्या चार रेघा वाकतील आणि कडेच्या सरळ राहतील असा दोष त्या पडद्यात, त्या तारेत किंवा माझ्या मशीनमध्ये असूच शकत नव्हता. शनिवारी दुपारी, पहिल्याच मिनिटाला मला ते माहीत होतं. साखळीत एकच कडी उरली होती आणि ती खुर्चीत बसलेली होती.

सोमवारी सातला गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी खिडकीत उभी होते. भिंगरी मागच्या काचेतून हात हलवत होती. मंगळवारीही मी तिथेच उभी होते. कामावर त्या दिवशी एक वजनकाटा आला होता, अर्ध्या ग्रॅमनं चुकणारा. मी त्याच्यावर लाल पट्टी चिकटवली. वापरू नये, असा तिचा अर्थ.

मंगळवारी दुपारी घरी आले. भिंगरी खाली खेळायला गेली. मी पडद्यावर पुन्हा जाळी लावली.

"झालं का दुरुस्त?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आता वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघा. तिथेच बघत राहा. मधल्या रेघा कशा आहेत?"

ते बघत राहिले. "मधल्या..." ते थांबले. "झाल्या वाटतं सरळ."

"आणि कोपऱ्यातल्या?"

त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग खाली, मग पुन्हा ठिपक्याकडे. मग उठले, कपाटाचा खण उघडला आणि आपली पोलादी पट्टी काढली. ती पट्टी त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही, मला शाळेच्या भूमितीसाठीसुद्धा नाही. टीव्हीसमोर जाऊन त्यांनी ती मधल्या आडव्या रेघेवर टेकवली आणि हात लांब करून, जमेल तितकं मागे सरून पाहिलं. मग पट्टी उलटी करून धरली. मग डोळे मिटून तिच्या धारेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पट्टीसुद्धा," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. मी म्हटलं, "एकेक डोळा झाकून बघू या. आधी उजवा झाका."

"तो राहू दे."

"बाबा."

"डाव्याचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्यात मधोमध डाग आहे. शाई सांडल्यासारखा."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. पण उजवा चांगला होता ना! लोक एका डोळ्यानं जग फिरून येतात."

"तरीच," आई म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली.

"आणि रोज गाडीत भिंगरी असायची," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"असायची. एक दिवस तरी तिला उशीर झाला का? विचार तिला."

"फाटकाच्या खांबावर आपल्या गाडीचा रंग आहे."

त्यांनी पट्टी खाली केली. "तू पाहिला होतास?"

"अँटेना लावला त्या दिवशी."

"मोजलंस?"

"नाही."

"तू? तू मोजलं नाहीस?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला पाहत होते. ते गेले कित्येक महिने असंच पाहत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

ते खुर्चीत बसले, पट्टी मांडीवर. "मला वाटायचं, चित्रात दोष असेल. टीव्ही बदलला तेव्हा वाटलं, आता दिसेल. मग वाटलं, तुझं मशीन आलं की दिसेल." मग ते हिशेबी आवाजात म्हणाले, "वर्ष संपायला तीन आठवडे राहिलेत शाळेचे. तेवढं मी नेतो. हळू चालवीन. पाठ आहे रस्ता. नाहीतर तू काय करणार आहेस? सात-दहाची गाडी सोडणार?"

माझ्या मनात तीन आठवडे ही संख्या क्षणभर बसली. तोपर्यंत नवरा परत येणार होता. सोय किती छान होती, हे मला अजून आठवतं.

"चावी द्या, बाबा."

"तुला मशीन जोडायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला उघडून बघायला नाही." आणि ते आत निघून गेले. चावी त्यांच्या खिशातच राहिली. आईनं टीव्ही बंद केला.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी फोन करून मी दुसऱ्या दिवशी अकराची वेळ घेतली. बुधवारी सकाळी कामावर रजा कळवली. तेवढ्यात पाहिलं तर भिंगरीचं दप्तर दाराजवळ नव्हतं आणि बाबांच्या चपलाही नव्हत्या. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

गाडी जागेवरच होती. भिंगरी मागे पट्टा लावून बसली होती. बाबा चालकाच्या जागी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद.

"आई, आजोबा गाडी सुरूच करत नाहीयेत!" भिंगरी म्हणाली. "मी कधीची सांगतेय, उशीर होतोय. आज तर माझी फळ्यावर तारीख लिहायची पाळी आहे."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "तो डावा खांब किती लांब आहे गं इथून?"

"बारा फूट असेल."

"मी त्याच्याकडे बघितलं की तो वाकतो," ते म्हणाले. "न बघता चालवली तर सरळ राहतो. रोज तशीच काढत होतो." ते उतरले. चावी गाडीलाच लटकत होती.

मी चार वर्षांत गाडी चालवली नव्हती. खुर्ची पुढे घेतली, आरसे जुळवले. "अकराला दवाखान्यात जायचंय," मी खिडकीतून म्हटलं. "वेळ घेतली आहे."

"अकराला मॅच आहे."

भिंगरीनं सुस्कारा टाकला, मोठ्या माणसांसारखा.

"तुझं ते मशीन रेकॉर्ड करतं ना?" बाबांनी विचारलं.

"करतं."

"मग लाव आल्यावर." ते फाटकाशी जाऊन उभे राहिले, डाव्या खांबाला हात टेकून, आणि दुसऱ्या हातानं मला बोलवू लागले. "ये... ये... उजवीकडे घे जरा... ये सरळ."

मी त्यांच्या हाताकडे बघत गाडी बाहेर काढली. रस्त्याला लागल्यावर आरशात पाहिलं. ते तिथेच होते, खांबाकडे तोंड करून, आणि त्या करड्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.