शिट्टी कुणाच्या गळ्यात

एकोणऐंशी सालची गोष्ट. गंगापूर रोड तेव्हा आताएवढा गजबजलेला नव्हता, पण शाळा सुटली की ट्रक, टांगे, एस.टी. आणि सायकली यांची अशी झुंबड उडे की पहिलीतली पोरं कडेला उभी राहून रडकुंडीला येत. मोठी माणसं नुसती हळहळायची. काहीतरी केलं पाहिजे हे सुचलं ते मैनाला. नववीतली पोरगी, पण सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "सर, दुसऱ्या शाळांत मुलंच पट्टा बांधून रस्ता सांभाळतात. आपण का नाही?" मग पोलीस चौकीत खेपा घातल्या तिने, वर्गावर्गांतून पोरं जमवली तिने, रस्त्यावर चुन्याचे पट्टे ओढून घेतले तिने.

आणि या पथकाचं प्रमुख कोण झालं? चांगुणा!

चांगुणा जूनमध्येच निफाडजवळच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आली होती. शेतात पाखरं राखून तिचा आवाज खणखणीत झालेला. कवायतीच्या सरांनी प्रत्येकाला एकदा "थांबा!" म्हणून ओरडायला लावलं. मैनाचा आवाज कसाबसा फाटकापर्यंत पोचला. चांगुणा ओरडली तेव्हा रस्त्यापलीकडचा चहावाला किटली हातात धरून जागच्या जागी थांबला. सर पोट धरून हसले आणि त्यांनी शिट्टी तिच्या गळ्यात घातली.

मैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! तिच्या वाट्याला आलं फाटकाशी लहान पोरांची रांग धरायचं काम. तिकडे चांगुणा हात आडवा करून "ओ ट्रकवाले, दिसत नाय का? लेकरं हायेत!" म्हणायची आणि भलेभले ड्रायव्हर गुमान ब्रेक दाबायचे. घरी यावं तर आई, कमळाबाई, भाजी वाढता वाढता म्हणायची, "ती नवी मुलगी बाई मोठी धीट. रस्ता कसा छान सांभाळते!" मैना अर्ध्या ताटावरून उठायची. आईला वाटे, पोरीचं पोट बिघडलंय. बिघडलं नव्हतं, नुसतं दुखत होतं, आणि त्या दुखण्यावर ओव्याचा उपयोग नसतो.

त्यातच बातमी आली की शनिवारी फौजदार पाहणीला येणार. त्यांना काम पटलं तर ते कायमचं चालू राहणार आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'पुढे शाळा आहे' असे फलक लागणार. मैनाला फलकाचं काही नव्हतं. फौजदार चांगुणाची पाठ थोपटणार, एवढंच तिला दिसत होतं.

पहिलीतली पोरं मैनाच्या शब्दाबाहेर नव्हती. तिने त्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि बजावलं, "शनिवारी शिट्टी कितीही वाजू दे, जागचं हलायचं नाही. मी पलीकडून हात केला की निघायचं. फक्त माझं ऐकायचं. कबूल?"

"कबूल!" पोरं ओरडली.

शनिवारी शाळा सुटली. फौजदार कडेला उभे. मैना आधीच पलीकडे जाऊन उभी राहिली होती. चांगुणाने गाड्या अडवल्या, शिट्टी फुंकली. रांग हलली नाही. तिने पुन्हा फुंकली. पोरं ढिम्म. मागे हॉर्नचा कालवा उठला, टांग्याचा घोडा बिथरला, फौजदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, चला ना गं बायांनो," चांगुणा काकुळतीला येऊन म्हणाली. मैनाला मनातून उकळ्या फुटत होत्या. असा आनंद तिला वार्षिक परीक्षेच्या निकालानेही कधी झाला नव्हता.

अखेर नाइलाजाने चांगुणाने गाड्या सोडल्या. आता आपण दाखवावं, मैनाला वाटलं. फौजदारांची नजर आपल्याकडे वळलीय एवढं तिने पाहिलं आणि ऐटीत हात वर केला. रस्त्याकडे मात्र पाहिलं नाही.

सगळ्यांत पुढे उभी असलेली फुला धावत निघाली. विंचूरकडून कांद्याची पोती भरून आलेला ट्रक नुकताच सुटला होता.

"थां-ऽ-ब!"

तो चांगुणाचा आवाज होता. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. चांगुणाने झेप घेऊन फुलाला खेचलं आणि दोघी कडेला पडल्या. मागची पोरं जागच्या जागी थिजली. ट्रक थांबला तो चुन्याच्या पट्ट्यावर. मैनाचा वर गेलेला हात तसाच राहिला होता. तो खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही.

फौजदारांनी फुलाला उभं केलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नव्हतं. "शिट्टी नसताना निघालीस कशी, बाळ?"

फुलाने नाक पुसलं. तिला बोलणी खायची नव्हती, कारण तिची काहीच चूक नव्हती. "मैनाताईने सांगितलंय," ती ठणकावून म्हणाली, "चांगुणाताईची शिट्टी नाही ऐकायची. मैनाताईचंच ऐकायचं. मी ऐकलं!"

"यातली मैना कोण?" फौजदारांनी विचारलं.

 चांगुणा खाली मान घालून फुलाच्या फ्रॉकची माती झाडत राहिली. रांगेतल्या पोरांनी मात्र मोठ्या अभिमानाने, एकजात सगळ्यांनी, मैनाकडे बोट दाखवलं.