टबाचा नळ

आमच्या गल्लीत टबात बसून आंघोळ करणारं घर एकच, ते आमचं. हौस कसली डोंबलाची! ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, डॉक्टरनं कोमट पाण्यात बसवा म्हणून सांगितलं, आन् पोरानं, सूरजनं, पुण्याहून टब धाडला. त्याचा गरम पाण्याचा नळ गळायला लागला. अंबडात पाणी येतं आठवड्याला एकदा. त्यातलं मोरीत चाललेलं पाहून माझा जीव तुटायचा.

मिस्त्री बोलावते म्हणलं तर हे भडकले. पार मंठ्यापस्तोर गावोगाव ह्यांनी नळ बसवलेले. देवानंद मिस्त्रीच्या घरात दुसरा मिस्त्री आला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणले. खरं कारण मला ठाऊक. मी अंगणवाडीत गेल्यावर बाबा दिवसभर एकटे कसे राहतील, पुण्यालाच चला, हे सूरजचं टुमणं. नळ आपल्या हातानं दुरुस्त करून त्याचं तोंड बंद करायचं होतं. मलाही त्याच्या पुण्यातल्या खुराड्यात जायचं न्हाई, मंग मी गुमान पान्हा आणून दिला.

सकाळपासून खटपट केली. वायसर बदललं, डाव्या हातानं आवळलं. मला हात लावू दिला न्हाई. दुपारी तपासायला बसले. ह्यांची जुनी पद्धत, नळ पुरता सोडायचा आन् जोडावर पंजा ठेवायचा. डोळ्याला न दिसणारी ओल हाताला बराबर कळते, म्हणतात. गच्चीवरच्या सोलरचं पाणी दुपारी चटके देतं, म्हणून मी जपून म्हणलं. हे नुसते हसले. उजवा पंजा आधी जोडावर ठेवला, मंग धारेखाली धरला. कित्येक दिवसांनी असे खुशीत दिसले.

“गरम पाणी अजून येऊन न्हाई राह्यलं,” हे म्हणले. “पण जोड बराबर हाय.”

टबातून वाफ निघत होती. पंजा लालभडक झाल्ता.

मी झडप घालून नळ बंद केला, हात ओढून गार पाण्याच्या बादलीत बुडवला. ह्यांच्या तोंडावर दुखल्याची एक रेघ न्हाई. हात बधिर हाय हे या माणसानं मला कधी कळू दिलं न्हाई, आन् मी रोज ह्यांना गॅसपाशी एकटं सोडून जात होते. असा राग आला, आन् रडूही आलं.

ओल्या हातानंच मी सूरजला फोन लावला.

“सांग त्याला,” हे म्हणले, “एक थेंब गळत न्हाई.”

“सूरज,” मी म्हणलं, “आम्हाला न्यायला ये.”